आवाजावर चालणारी मोट

मी भित्री आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्यावर मनसोक्त हसतात. हसोत बापडे. परवा माझी धाकटी सून एका हातानं ताक घुसळत, पायानं पाळणा हलवत, दारात बसलेल्या कासारणीशी बांगड्यांची घासाघीस करत होती. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "हिला देवानं चार हात दिलेत." तेवढं ऐकलं मात्र, मी उठले, सुनेच्या हातातली रवी काढून घेतली आणि म्हटलं, आधी बांगड्या घे, मग ताक कर. ती दुखावली. म्हातारीला सुनेचं कौतुक बघवत नाही, असं तिनं नवऱ्यापाशी बोलून दाखवलं असणार. तिला तोंडानं सांगायला गेले तर गोष्ट अर्धीच राहते, म्हणून लिहून ठेवते. अक्षरओळख मला नातवाच्या पाटीवर झाली, तेव्हा वळण वाकडं असेल. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आम्ही माळी. अमरावतीला तेव्हा आम्ही उमरावतीच म्हणत असू आणि परकोटाच्या बाहेर, नाल्याच्या अलीकडं, आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची, कडेनं झेंडू, आणि मधोमध विहीर. विहिरीवर मोट चालायची. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: चामड्याची मोठी थैली दोराला बांधून चाकावरून विहिरीत सोडतात, दोराचं दुसरं टोक बैलांच्या जुवाला असतं. विहिरीपासून दूर उतरत जाणारी वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर येते आणि कुंडीत रिकामी होते. मग बैलांना तसंच उलट्या पावलांनी विहिरीपर्यंत मागं आणायचं, की मोट पुन्हा पाण्यात. खाली जाताना हाकणारा त्या ताणलेल्या दोरावर बसतो, म्हणजे बैलांना त्याच्या वजनाची मदत होते. मोट किती वर आली, किती भरली, हे त्याला डोळ्यांनी पाहावं लागत नाही. बुडाखालच्या दोराकडूनच कळतं. आमच्याकडं हे काम गोमा नावाचा गडी करी. मी वाफ्यांपाशी कुदळी घेऊन उभी असे. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढचा फोडायचा. पहाटेपासून चाकाची कुरकुर, गोमाचं गाणं आणि पाण्याचा धबधबा, एवढ्यात आमचा दिवस मावायचा. न्याहारीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा असे, आणि त्या ठेच्याची चव मला अजून कुठल्या पक्वान्नात सापडलेली नाही.

मग कापसाचं वेड आलं. सात समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि म्हणून आमचा हवा होता, असं मोठी माणसं बोलत. मला त्यातलं एवढंच कळलं की दर्यापूरपासून बाळापूरपर्यंत जो तो कापसाच्या मागं लागला आहे. लोकांनी ज्वारी मोडून कापूस पेरला. रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या, धुळीनं झाडं पांढरी झाली. गोमा एका गाडीवानाबरोबर निघून गेला. माझ्या बापालाही, बाला, अकोल्याहून बोलावणं आलं. तिकडं आगगाडीचं काम चाललं होतं, व्यापाऱ्यांनी कापसाचे ढीग रचले होते आणि गठ्ठे बांधायला हात पुरत नव्हते. "हंगामापुरता जातो," असं सांगून बा गेला. मळा, विहीर, दोन बैल, मी आणि माझा रांगता भाऊ किसना, एवढं सगळं मायच्या अंगावर पडलं.

तेवढ्यावरही निभलं असतं. पण त्या वर्षी सगळ्यांच्याच घरात कापूस शिरला होता. व्यापाऱ्याचा मुनीम घरोघर कापूस टाकून जाई, बायका हातचरखीवर त्यातली सरकी काढून देत. लाकडाचे दोन लाटे, त्यांच्या फटीत कापूस घालायचा आणि दांडा फिरवायचा. रुई पलीकडं, सरकी अलीकडं. मायनंही चरखी आणवली. आता चरखी चालवावी तर मोट बंद, मोट हाकावी तर चरखी बंद. माझी माय हुशार, आणि हुशारीच तिच्या मुळावर आली. तिनं चरखी विहिरीपाशी निंबाखाली आणून ठेवली, चूल तिथंच मांडली, निंबाच्या फांदीला किसनाची झोळी बांधून तिची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि बैलांना आपल्या आवाजावर चालायला शिकवलं. "चाल माह्या राजा" असं लांबवून म्हटलं की बैल आपले आपले धाव उतरायचे. खाली पोचले की ती "ये रे मागं, मागं" असा वेगळा सूर लावायची आणि ते उलटे येऊन विहिरीपाशी थांबायचे. जवळ हाकणारा कोणी नाही. उजवा हात चरखीच्या दांड्यावर, डावा कापसात, पाय झोळीवर, डोळे चुलीवरच्या वरणावर आणि तोंड बैलांसाठी.

लोक बघायला यायचे. मुनीम तर मुद्दाम एका पाहुण्याला घेऊन आला. "पाहा म्हन्तो मी, ह्या एका बाईच्या अंगात चार गडी हायेत," असं तो म्हणाला, आणि माय खाली मान घालून हसली. ते हसू मला आठवतं. तिला कोणी कधी कशाबद्दल वाखाणलं नव्हतं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. नाल्यावर धुणं धुणाऱ्या पोरींना मी सांगत सुटले की आमची मोट कोणी न हाकता चालते.

भीती घातली ती आत्यानं. माझी आत्या, बाची थोरली बहीण, विधवा होती आणि गावात राहून फुलांच्या माळा करून देवळापाशी विकायची. एक दिवस ती झेंडू न्यायला आली, बराच वेळ मायकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अवो वयनी, एका डोक्यात किती भरसान? त्या येसूचंबी असंच झालं होतं."

माय चरखी न थांबवता म्हणाली, "डोकं कशाले लागते वो बाई? हात आपले आपले चालतात."

येसूला मी ओळखत होते. देवळाच्या ओट्यावर बसणारी ती बाई दिवसभर हवेत काही तरी करीत असे. मध्येच दळायची, मध्येच गाय पिळायची, मध्येच कोणाला तरी थोपटायची, आणि समोर ना जातं, ना गाय, ना लेकरू. मुलं तिला खडे मारत. तिचं आधी काय झालं होतं हे मला आजवर कळलेलं नाही, आत्यालाही नक्की ठाऊक नसावं. पण त्या दिवसापासून मला एकच भय लागलं, की माझी माय येसू होईल. मी तिच्यावर पहारा ठेवू लागले.

पहारा ठेवला आणि दिसू लागलं. ती घरात यायची, मधोमध उभी राहायची आणि मला विचारायची, "मी कायले आली होती व गोदे?" पहिल्यांदा मी हसले. ती रिकामी घागर डोक्यावर घेऊन विहिरीवरून परत यायची. मला किसना म्हणायची, किसनाला गोदी, आणि बैलाला एकदा माझ्या आजीच्या नावानं हाक मारली. एके दिवशी वरणाला वेगळाच वास येऊ लागला. मी झाकण काढलं तर भांड्यात सरकी शिजत होती आणि तुरीची डाळ बैलांच्या गव्हाणीत पडलेली. मायनं बघितलं, कपाळाला हात लावून हसली आणि म्हणाली, "बैलंबी खातीन एक दिवस डाय." ती हसली म्हणून मीही हसले, आणि गव्हाणीतली डाळ वेचून काढायला बसले.

त्याहून वाईट एक होतं, आणि ते मला सांगताही येईना. अर्धवट टाकलेली कामं तिला पुरी झाल्यासारखी वाटत. दार लावायला उठायची, वाटेत वरण उतू जायला लागलं की तिकडं वळायची, आणि नंतर विचारलं तर शपथेवर सांगायची की दार लावलं. खोटं बोलत नव्हती. तिला ते लावलेलं दिसत होतं. विहिरीच्या तोंडापाशी, धावेच्या वरच्या टोकाला, एक आडवा दगड होता. मागं येणाऱ्या बैलांचे खूर त्याला टेकले की ते थांबत. पावसानं त्याच्या खालची माती गेली होती आणि तो डुगडुगत होता. मायनं एक दिवस तो उचकटून बाजूला केला, खालचा खड्डा साफ केला, तेवढ्यात किसना रडला म्हणून ती झोळीकडं गेली. दगड तसाच बाजूला राहिला. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा ती चिडली. "बसवला नं व मी. किती डाव सांगू?" मला तो दगड समोर आडवा पडलेला दिसत होता. मी त्या दगडाकडं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मला असं वाटलं की आम्ही दोघी वेगवेगळ्या मळ्यांत उभ्या आहोत. मी तो ढकलून पाहिला. तो माझ्यानं हलला नाही.

तूर फुलावर आली होती, ऊन छान कोवळं होतं. दुपारच्या जेवणाआधीची वेळ. मी वांग्याच्या वाफ्यांत होते. एक बाई मेथी घ्यायला आली होती आणि मायशी जुडीवरून बोलत होती. किसना दात येत असल्यानं किरकिरत होता. चुलीवर अंबाडीची भाजी रटरटत होती. चरखी चालू होती. वाफ्यात उभं राहिलं की मला विहिरीवरचं नीट दिसत नसे, पण आवाजावरून सगळं कळे. बैल मागं आले, चाक थांबलं, मोट पाण्यात गेली. आता "चाल माह्या राजा" यायला हवं होतं. त्याऐवजी मायचा आवाज आला, अगदी शांत, रोजच्यासारखा: "ये रे मागं, मागं."

मी कुदळी टाकून पळाले. पळता पळता ओरडले, थांबा, हो, हो, अशी जी हाक तोंडाला आली ती मारली. पण त्या बैलांना तिनं स्वतःच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज ऐकायचाच नाही असं शिकवलं होतं. बिचारी गुणी जनावरं. बांड्या आणि मोऱ्या दोघांनी कान मागं केले, जरा घुटमळले, आणि धनिणीनं सांगितलं म्हणून आणखी एक पाऊल मागं टाकलं. माय माझ्याकडं बघत होती, बैलांकडं नाही. "काय झालं व?" असं तिनं मला विचारलं. तेवढ्यात बांड्याचे मागचे पाय जिथं दगड नव्हता तिथून घसरले. जू कडाडलं, जोताचा पट्टा मोऱ्याच्या मानेवरून निसटला म्हणून तो वाचला, आणि बांड्या दोरासकट, मोडक्या जुवासकट खाली गेला.

तो आवाज मी लिहिणार नाही. विहिरीत पडलेलं जनावर जे करतं ते त्यानं केलं, आणि बराच वेळ केलं. मेथीवाली बाई बोंबलत रस्त्याकडं धावली. मी मायकडं पाहिलं. ती तशीच बसलेली, नजर विहिरीच्या तोंडावर, आणि तिचा उजवा हात चरखीचा दांडा फिरवतच होता. फटीत कापूस नव्हता. लाटे एकमेकांवर नुसते घासत होते. मी तिच्या अंगावर पडून तो हात धरला तर तो माझ्या मुठीत फिरू लागला. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना भ्याले, बाळंतपणांना भ्याले, पटकीच्या साथीला भ्याले, नवऱ्याच्या शेवटच्या आजारात भ्याले. पण त्या हाताइतकी कशालाच भ्याले नाही.

माणसं जमली, दोर टाकले, संध्याकाळी बांड्याला मेलेला वर काढला. मायला आत्यानं घरात नेऊन निजवलं. ती कोणाशी बोलेना. हात पांघरुणाखाली चालूच होता. मला ते पांघरूण हललेलं दिसे आणि मी किसनाला घट्ट धरून कोपऱ्यात बसे. शेजारच्या बायकांनी बाहेरची बाधा ठरवली. भगत आला, त्यानं निंबाचा पाला फिरवला, धूर केला, मायचे केस धरून तिला कोण आहेस म्हणून विचारू लागला. मला वाटलं, ती आता दुसऱ्याच कोणाचं तरी नाव सांगेल. मी रडून इतका आकांत केला की आत्यानंच त्याला घालवून दिलं. "लेकरू मरन धाकानं," असं ती म्हणाली आणि स्वतः दाराशी बसून राहिली.

बाला निरोप पोचला आणि तो अकोल्याहून आला, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, केसांत रुईचे तंतू. त्यानं बैलाचं काही विचारलं नाही. मायपाशी बसला, तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "किसनाची माय, मले ओयखते का?"

मायनं त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "भाकर टाकतो, बसा." आणि उठली नाही. बा रडला. पुरुष रडताना मी तोवर पाहिला नव्हता; बाहेर जाऊन तो चरखीला लाथ मारून आला आणि मुनिमाचा सगळा कापूस त्याच दिवशी गाडीत भरून परत धाडला. "ह्या घरात रुईचा तुकडा दिसला नाई पायजे," एवढंच त्यानं आत्याला सांगितलं.

मग माय झोपली. दिवसा झोपायची, रात्री झोपायची, उठून थोडी पेज घ्यायची आणि पुन्हा झोपायची. हात थांबला. आत्या म्हणे, झोपू द्या. मी मधून मधून तिच्या नाकापाशी बोट धरून बघे. अशी झोपेतच ती आमच्यातून निघून जाईल असं मला वाटे, आणि जागी झाली तर येसू होऊन उठेल असंही वाटे; त्यामुळं ती निजली तरी भय आणि हलली तरी भय. बा मळ्यात उसन्या बैलानं काही तरी चालवीत होता, पण त्याचं अर्धं लक्ष घराकडं असे.

एका सकाळी ती उठून अंगणात उन्हाला बसली. चेहरा उतरलेला, पण डोळे जागेवर होते. मला म्हणाली, "गोदे, फणी आन." मी फणी आणि तेलाची वाटी घेऊन तिच्या पुढ्यात बसले. तिनं माझी वेणी सोडली, केस मोकळे केले आणि हळूहळू विंचरू लागली. कुंपणापलीकडून शेजारणीनं काही तरी विचारलं. माय विंचरतच राहिली. किसना रांगत आला; आत्यानं त्याला उचलून नेलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात माझ्यावर होते. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. संपलं, माय परत आली, असं मी स्वतःशी म्हटलंसुद्धा.

तिची बोटं माझ्या कानामागं थांबली. केस बाजूला करून ती वाकून बघू लागली. तिथं एक व्रण होता, बोटभर लांब, भरून आलेला.

"हे कवा लागलं व तुले?" तिनं विचारलं.

हा व्रण दसऱ्याच्या सुमाराचा. कुंडीच्या दगडावर मी घसरून पडले होते आणि कपडे रक्तानं भिजले होते. मायनंच मला मांडीवर घेतलं होतं, जखम धुतली होती, हळद दाबून भरली होती, मला रागावली होती, मग पटापट मुके घेतले होते, आणि ते सगळं करताना बैलांना हाका देत होती. पुढं कितीतरी दिवस हळद तीच बदलत होती. तिचे हात मला आठवत होते. तिला काही आठवत नव्हतं.

"कुंडीपाशी पडली होती," मी म्हटलं.

"मंग मले काहून नाई सांगितलं? एवढं लागलं न् मायले सांगाव नाई?"

तिचा आवाज दुखावलेला होता. मी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. बैल पडला तेव्हा नाही, हात फिरत होता तेव्हा नाही, त्या क्षणी मला समजलं की काय गेलं आहे. म्हातारपणी ती ठणठणीत होती, नातवंडांना खेळवायची, मळ्याचं सारं बघायची, पण एका वेळी एकच. त्या हंगामाचं बोलणं निघालं की मात्र शेजारच्या घरची गोष्ट ऐकावी तशी ऐकायची आणि मधून मधून विचारायची, असं झालं होतं का, खरंच?

त्या दिवशी ती माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत होती. मी म्हटलं, "तूनंच हयद भरली होती माय. तू होती नं तिथं."

तिनं फणी खाली ठेवली. बराच वेळ व्रणावरून बोट फिरवत राहिली. मग माझ्या पाठीला कपाळ टेकून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आनखी काय काय झालं व गोदे? सांग मले."

मी सांगायला लागले. किसनाला पहिला दात आला तो दिवस, त्यानं पहिल्यांदा तिला माय म्हटलं तो दिवस, मी शिवलेली चोळी तिनं घालून पाहिली ती संध्याकाळ. ती माझ्या पाठीमागं ऐकत होती आणि माझी पाठ ओली होत होती. सांगता सांगता मला कळत गेलं की त्या सगळ्या दिवसांत त्या मळ्यात मी एकटीच होते.